जुनें यंत्र, नवा पाठ

गेल्या पावसाळ्यांत एका रविवारीं मी एका स्नेह्यांकडे गेलों होतों. चहा झाल्यावर त्यांनीं टेबलाच्या खणांतून मऊ रुमालांत गुंडाळलेली एक वस्तु काढली आणि माझ्या हातांत दिली. शार्प कंपनीचा झॉरस एसएल-५५०० नांवाचा हातांत मावणारा संगणक होता तो. साडेतीन इंचांचा पडदा, खालचें झांकण सरकवलें कीं दिसणारी इवल्याशा कळांची पाटी, आणि अंगांतच खोंचून ठेवलेली एक लेखणी. कंपनीनें दिलेली कार्यप्रणाली काढून टाकून त्यांनीं त्यावर दुसरी बसविली होती, आणि तिच्यावर दोन-तीन जुने खेळही चालविले होते. "वीस वर्षांहून अधिक वय झालें, पण गडी अजून चालतो," ते अभिमानानें म्हणाले. तेवढ्यांत आंतून वहिनींचा आवाज आला, "चालतो हें खरें हो भावोजी, पण त्यावर हे करतात काय, तें एकदां विचारा!"

स्नेही हसले आणि प्रश्न तेवढ्यापुरता टळला. घरीं परततांना मात्र तो माझ्याबरोबर आला. कारण तो केवळ गृहिणीचा प्रश्न नाहीं. टीकाकाराचाही पहिला प्रश्न तोच असतो. एखाद्या ग्रंथाची नवी आवृत्ति निघाली, जुन्या नाटकाचा पुन्हां प्रयोग झाला, म्हणजे आपण हेंच विचारतों: यांतून मूळ कृति आपणांस अधिक कळली काय, कीं ती अजून शिल्लक आहे एवढेंच कळलें? जुन्या हातसंगणकांवर पर्यायी लिनक्स बसवावी आणि तिच्यावर त्याहूनही जुने खेळ चालवावे, हा उद्योग जगांतील पुष्कळ हौशी लोक आज वीस-पंचवीस वर्षें करीत आले आहेत. त्याचें कौतुक होतें किंवा थट्टा होते. परीक्षण सहसा होत नाहीं. तें थोडेंसें येथें करावें असा विचार आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. २००० सालीं कॉम्पॅक कंपनीनें आयपॅक एच३६०० या मालिकेचे हातसंगणक बाजारांत आणले. त्यांत २०६ मेगाहर्ट्झ गतीचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर होता, ३२ मेगाबाइट चालती स्मृति होती, आणि वीज गेली तरी न पुसली जाणारी, जिला फ्लॅश म्हणतात, ती स्मृति १६ मेगाबाइट होती. पडदा २४० गुणिले ३२० ठिपक्यांचा. कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची विंडोज सीई. दोन वर्षांनीं, २००२ सालीं, शार्पचा झॉरस एसएल-५५०० अमेरिकेंत आला. त्याचा प्रोसेसर त्याच जातीचा व त्याच गतीचा, पडदाही तितक्याच ठिपक्यांचा. चालती स्मृति मात्र दुप्पट, म्हणजे ६४ मेगाबाइट. खरा भेद असा कीं झॉरसवर कंपनीनें स्वतःच लिनक्स घालून दिली होती. लिनक्स ही लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं फिनलंडांत विद्यार्थी असतांना आरंभिलेली कार्यप्रणाली. तिचा मूळ पाठ कोणीही वाचावा, सुधारावा आणि वांटावा अशी मोकळीक आहे, आणि आपल्या या विषयाचें सारें रहस्य त्या मोकळिकींत आहे.

आयपॅकवर लिनक्स आणण्याचें आरंभींचें काम खुद्द कॉम्पॅकच्याच मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील संशोधनशाळेंत झालें. एक्स विंडो या प्रसिद्ध चित्रप्रणालीच्या जनकांपैकीं एक, जिम गेटिस, हे त्या मंडळींत होते. त्या उद्योगांतून 'फॅमिलियर' नांवाची लिनक्सची आवृत्ति तयार झाली. झॉरसच्या बाबतींत गंमत अशी कीं ज्यावर लिनक्स आहे त्यावरची लिनक्स काढून लोकांनीं दुसरी लिनक्स बसविली. तिचें नांव 'ओपनझॉरस'. बाहेरच्या माणसास यांत केवळ हट्ट दिसेल. परंतु जुन्या ग्रंथांच्या पोथ्या ज्यांनीं ताडून पाहिल्या आहेत, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. ग्रंथ एकच असला तरी पाठ अनेक असतात. आणि कोणता पाठ धरावा यावर विद्वान् मंडळी आयुष्यें खर्चितात. कंपनीच्या पाठांत तिच्या सोयीचें जें होतें तें काढून, आपल्या सोयीचें आणि उघडें असें या लोकांनीं घातलें, एवढाच त्याचा अर्थ.

आतां गुणदोष. त्या काळच्या पॉकेट पीसी जातीच्या यंत्रांत एक मोठें वैगुण्य होतें. मालकानें लिहिलेलीं टिपणें, पत्ते, मागाहून घातलेले प्रोग्रॅम, हें सर्व चालत्या स्मृतींत राही. बॅटरी पुरती उतरली कीं सगळें पुसून जाई, आणि पुन्हां वीज मिळाल्यावर यंत्र नुकतेंच दुकानांतून आणल्यासारखें कोरें होऊन उठे. पांचशें डॉलरांची ती एक धूळपाटीच होती म्हणाना! फॅमिलियरनें आपलें बिऱ्हाड फ्लॅशमध्यें थाटलें. फ्लॅशचा प्रत्येक भाग ठराविक वेळांच पुसून लिहितां येतो, एकाच जागीं वारंवार लिहिलें तर ती जागा झिजते. म्हणून लेखन सर्वत्र सारखें पसरून ठेवणारी आणि मध्येंच वीज तुटली तरी आधींचें लेखन शाबूत राखणारी जेएफएफएस२ नांवाची फाइलरचना तिनें वापरली. परिणाम असा झाला कीं बॅटरी मेली तरी टिपण जिवंत राहूं लागलें. धूळपाटीची वही झाली. येथें पर्यायी पाठ मूळ पाठाहून निःसंशय सरस आहे, आणि तो सरस ठरण्यास यंत्रांत एकही नवा भाग घालावा लागला नाहीं. जें अंगचें होतें तेंच निराळ्या रीतीनें वापरलें गेलें.

या सुधारणेची किंमतही सांगितली पाहिजे. यंत्राला झोंपेंतून उठविणारा एक अगदीं लहान प्रोग्रॅम असतो, त्याला बूटलोडर म्हणतात. आयपॅकवर लिनक्स आणावयाची तर प्रथम तोच बदलावा लागे. तो बदलला जात असतां वीज तुटली किंवा चुकीची फाइल लिहिली गेली, तर यंत्र घरगुती उपायांनीं पुन्हां उठत नसे. म्हणून मूळ विंडोजची नक्कल आधीं दुसऱ्या संगणकावर काढून ठेवावी, बॅटरी पूर्ण भरावी, आणि मगच हात घालावा, असा जाणत्यांचा दंडक होता. तो पाळणारे थोडे, आणि मागाहून पस्तावणारे पुष्कळ! शिवाय दुकानांतून आणलेल्या यंत्रांत दिनदर्शिका व पत्ते यांचा मेळ घरच्या मोठ्या संगणकाशीं सहज बसे; नव्या व्यवस्थेंत तो सुटला, आणि अनेक साध्या गोष्टींसाठीं आज्ञा टंकण्याची पाळी आली. ज्यानें केवळ पत्ते ठेवण्यासाठीं यंत्र घेतलें होतें, त्याचा या फेरबदलांत तोटाच झाला.

तरी या खटाटोपाला एक अनपेक्षित फळ आलें, तें नमूद केल्यावांचून पुढें जाणें अन्यायाचें होईल. या एवढ्याशा यंत्रांसाठीं लिनक्सचे शेंकडों भाग पुनःपुन्हां हातानें बांधतां बांधतां ओपनझॉरसच्या कार्यकर्त्यांनीं तें बांधकाम पद्धतशीर करणारी सामग्री रचली. इतर हातसंगणकांवर काम करणारेही तींत सामील झाले, आणि २००३ च्या सुमारास 'ओपनएम्बेडेड' हा प्रकल्प उभा राहिला. त्याच पायावर २०१० सालीं 'योक्टो' हा प्रकल्प निघाला, आणि मोटारींतील पडद्यांपासून कारखान्यांतील नियंत्रकांपर्यंत नाना प्रकारच्या यंत्रांसाठीं आज त्या सामग्रीनें लिनक्स बांधली जाते. ज्यांस लोक रिकामटेकडे म्हणत होते, त्यांच्या हातून एक मोठें सार्वजनिक काम झालें.

मात्र यावरून असें समजूं नये कीं लिनक्स असली म्हणजे यंत्र आपोआप लोकांचें होतें. आपल्याच देशांतील उदाहरण घ्या. आयपॅकांत व झॉरसांत होता त्याच जातीचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील प्राध्यापकांनीं व एन्कोर सॉफ्टवेअरच्या अभियंत्यांनीं 'सिंप्युटर' नांवाचा हातसंगणक कल्पिला. त्यावर लिनक्स होती, त्याची रचनाही परवान्याच्या अटींवर उघडी ठेवली होती, आणि खेड्यांतील अशिक्षित माणसासही तो वापरतां यावा असा उदात्त हेतु होता. २००४ सालीं भारत इलेक्ट्रॉनिक्सनें बनविलेला 'अमिडा' सिंप्युटर विक्रीस आला. पण ज्या हातांसाठीं तो योजिला होता, त्यांच्यापर्यंत तो फारसा पोंचला नाहीं. आयपॅक कोणाही गोरगरिबासाठीं बनविलेला नव्हता. तरी ज्यांच्या हातीं तो पडला, त्यांतील कांहींनीं तो उघडून आपलासा केला. पाठ उघडा असणें ही एक गोष्ट आणि तो उघडून वाचणारा मिळणें ही दुसरी. पहिली दात्याच्या हातीं असते, दुसरी नसते.

कार्यप्रणालीचें हें झालें. आतां खेळांकडे वळूं. कारण माझ्या स्नेह्यांनीं मला कौतुकानें दाखविले ते खेळच, आणि टीकेच्या दृष्टीनें अधिक नाजूक प्रश्न तेथेंच आहेत.

एम्युलेटर म्हणजे काय, हें आपल्याकडच्या वाचकांस बहुरूप्याच्या दाखल्यानें चटकन् कळेल. बहुरूपी फौजदाराचें सोंग घेऊन दारांत उभा राहतो, तेव्हां तो फौजदार नसतो. पण चालणें, बोलणें, दरडावणें असें वठवितो कीं घरचीं माणसें घटकाभर बिचकतात. एम्युलेटर हा एका यंत्रांत राहून दुसऱ्या यंत्राचें सोंग घेणारा प्रोग्रॅम. जुन्या खेळाला वाटतें, आपण आपल्याच मूळ यंत्रांत आहों; त्याच्या प्रत्येक आज्ञेला हा बहुरूपी त्या यंत्राच्या आवाजांत उत्तर देतो. एखाद्या यंत्राचें असें सोंग घेणें स्वतः गैर नाहीं, हेंही येथेंच सांगून टाकावें. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यांत अमेरिकेच्या अपील न्यायालयानें २००० सालीं त्या दिशेनें निर्णय दिलेला आहे.

माझ्या स्नेह्यांनीं प्रथम दाखविलें तें गेम बॉयचें सोंग. निंटेंडोचा गेम बॉय १९८९ चा. त्याचा प्रोसेसर खुद्द शार्पनेंच बनविलेला. म्हणजे शार्पच्या झॉरसवर गेम बॉयचा खेळ चालतो तेव्हां बापाच्या घरीं लेकच वेष पालटून येतो. हें सोंग चांगलें वठतें. गेम बॉयच्या प्रोसेसराचे ठोके सेकंदाला सुमारें ४२ लाख, झॉरसाचे २० कोटींहून अधिक. त्यामुळें बहुरूप्याला सोंग सांभाळून श्वास घेण्यास सवड मिळते. संगीत तुटत नाहीं, चित्रें अडखळत नाहींत. दोष दिसतो तो पडद्यावर. गेम बॉयचा पडदा १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा. तो झॉरसाच्या २४० ठिपक्यांच्या रुंदीवर भरून दाखवावयाचा तर बरोबर दीडपट करावा लागतो. आणि ठिपका कांहीं दीड होत नाहीं. मग एक ठिपका एकेरी व पुढचा दुहेरी असें करावें लागतें, आणि नायकाचा एक डोळा बारीक व दुसरा मोठा दिसूं लागतो. चित्र मूळच्याच मापाचें ठेवलें तर तें शुद्ध राहतें, पण पडद्याच्या मधोमध टपाल तिकिटाएवढें दिसतें. मला विचाराल तर मी तिकीट पत्करीन.

आयपॅकावर याहून मोठी अडचण होती. त्या मालिकेच्या यंत्रांत एका वेळीं दोन कळा दाबल्या तर दोन्ही ओळखल्या जात नसत. रोजनिशी पाहणाऱ्यास हें कधीं जाणवलेंही नसेल. परंतु 'सुपर मारिओ लँड' सारख्या खेळांत पुढें धांवत असतांनाच उडी मारावयाची असते. तेथें एकावेळीं एकच कळ म्हणजे नायकाचे पाय बांधून त्याला खंदकाच्या कांठीं उभा करण्यासारखें आहे. सोंग बिनचूक, पण रंगमंच अपुरा! खेळ यंत्रांत चालत होता, खेळणाऱ्याच्या हातांत चालत नव्हता. आणि खेळ ही कृति हातांत घडणारी आहे. चित्र पाहावें, पुस्तक वाचावें, तसा खेळ खेळावा लागतो. त्यामुळें 'चालतो' या शब्दाचे येथें दोन अर्थ होतात, आणि हौशी लोक बहुधा पहिल्याच अर्थावर समाधान मानतात.

याच्यापुढची पायरी सुपर फॅमिकॉमची. हें १९९० चें यंत्र. त्याच्या मुख्य प्रोसेसराची गति जास्तींत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झ. आंकड्यांवरून कोणीही म्हणेल कीं २०६ मेगाहर्ट्झच्या यंत्राला तें सोंग सहज साधावें. साधत नाहीं; आणि कां साधत नाहीं हें समजण्यासारखें आहे. त्या यंत्रांत मुख्य प्रोसेसर एकटा नाहीं. चित्राचे थर एकत्र करणाऱ्या निराळ्या चिपा आहेत, ध्वनीचा स्वतंत्र प्रोसेसर आहे, आणि हीं सारीं एकाच वेळीं आपापलें काम करतात. मूळ यंत्र हें एक नाटकमंडळी आहे. त्याचें सोंग घेणारा मात्र एकटाच नट. राजा, प्रधान, पायपेटी आणि पडदे ओढणारा हीं सर्व कामें त्यानें एकट्यानें करावयाचीं, तींही सेकंदाला साठ वेळां. साहजिकच तो चार चित्रांपैकीं दोनच दाखवितो, कित्येकदां संगीत बंद ठेवतो. माझ्या स्नेह्यांनीं तोही खेळ मला दाखविला; नायक धापा टाकीत चालला होता. त्यांच्या तोंडावर अभिमान होता, मला मात्र ओळखीच्या गवयाला खोकल्याची उबळ आल्यासारखें वाटलें. हें यश नव्हे, हें स्पष्ट म्हटलें पाहिजे. प्रयोग म्हणून त्याचें मोल असेल. पण ज्यानें मूळ खेळ कधीं पाहिला नाहीं त्याच्या हातीं हें देऊन 'तो खेळ असा होता' म्हणणें ही मूळ कृतीची बदनामी आहे.

तिसरा खेळ पाहिला, आणि माझें मत बनलें तें येथें. या खेळाला एम्युलेटर नव्हता. 'स्कमव्हीएम' नांवाचा, २००१ सालीं आरंभ झालेला एक प्रोग्रॅम होता, आणि त्याची रीति अगदींच निराळी आहे. लुकासफिल्मच्या खेळ-विभागानें १९८७ च्या 'मॅनिअ‍ॅक मॅन्शन' या खेळासाठीं एक भाषा रचली होती. कोणतें पात्र कोठें जाईल, कोणती वस्तु उचलली कीं काय होईल, हें सर्व त्या भाषेंत लिहिलेलें असे, आणि तें वाचून दाखविणारा एक वेगळा प्रोग्रॅम प्रत्येक यंत्रासाठीं असे. पुढें १९९० चा 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' याच पद्धतीनें झाला. स्कमव्हीएम मूळ यंत्राचें सोंग घेतच नाहीं. तो खेळाची संहिता वाचतो आणि या यंत्राला मानवेल अशा रीतीनें ती सांगतो. बहुरूपी नव्हे, हा कीर्तनकार आहे. आख्यान जुनें, पण तें ज्या देवळांत लावावयाचें त्या देवळाच्या मापानें.

फरक लगेच दिसतो. या खेळांचीं चित्रें ३२० गुणिले २०० ठिपक्यांचीं. झॉरस आडवा धरला कीं पडदा ३२० गुणिले २४० होतो. म्हणजे ठिपक्यास ठिपका बसतो, आणि खालींवर थोडी जागा उरते. एकही चित्र ताणावें लागत नाहीं. स्ट्राँगआर्ममध्यें अपूर्णांकांचें गणित करणारा भाग नाहीं. म्हणून दाबून ठेवलेला आवाज उलगडण्यासाठीं केवळ पूर्णांकांवर बेतलेली पद्धति योजतात, आणि संवाद स्वच्छ ऐकूं येतात. मूळ खेळांत उंदरानें बाण सरकवीत दारावर नेऊन टिचकी मारावी लागे. येथें लेखणीनें थेट दारालाच स्पर्श करावयाचा. हा तर मूळाहून सुखद अनुभव. तथापि एक गोष्ट हरवते. मूळांत बाण नुसता वस्तूवरून फिरविला कीं तिचें नांव दिसे, आणि खोलींत शोधाशोध करण्याची मौज त्यांत होती. लेखणीला असें तरंगतां येत नाहीं. ती टेंकते किंवा टेंकत नाहीं. भाषांतरांत श्लेष हरवावा तसें हें आहे. परंतु श्लेष हरवला म्हणून भाषांतर व्यर्थ ठरत नाहीं.

मला म्हणावयाचें तें थोडक्यांत असें. अनुकरणाच्या दोन रीति आहेत. एक मूळ यंत्राचा शब्द न् शब्द उच्चारणारी, दुसरी मूळ कृतीचा अर्थ धरणारी. पहिलीला अफाट बळ लागतें, आणि तें बळ असेल तर ती श्रेष्ठ. आजच्या मोठ्या संगणकांवर ती जवळजवळ निर्दोष होऊं शकते. पण दुबळ्या यंत्रावर शब्दनिष्ठेचा आग्रह धरला तर शब्दही जातो आणि अर्थही जातो. जुन्या हातसंगणकाचें खरें शिक्षण हेंच आहे, कीं तो आपल्या मर्यादेनें आपणांस निवड करावयास लावतो: या कृतीचा प्राण कशांत आहे? वेगांत, चित्रांत, गोष्टींत, कीं हाताच्या चपळाईंत? मोठ्या यंत्रावर हा प्रश्न पडतच नाहीं, कारण तेथें सर्वच मावतें. खिशांतला आजचा फोन हे तिन्ही खेळ सहज चालवील, मग हें जुनें लोढणें कशाला, असें विचारणाऱ्यांस माझें उत्तर हें आहे.

परंतु अर्थ सांगणाऱ्यावर एक जबाबदारी येते, आणि तिचा आदर्श आपल्याच वाङ्मयांत आहे. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठांतरानें व नकलांनीं मूळांत शिरलेले अपपाठ त्यांनीं दूर केले, आणि पुढें कोणीं तींत आपली ओवी घालूं नये असा इशारा देऊन ठेवला. एकनाथांची प्रतिभा लहान नव्हती. स्वतःच्या चार ओव्या घालणें त्यांस जड नव्हतें. त्यांनीं घातल्या नाहींत, हा त्यांचा मोठेपणा. जुने खेळ नव्या यंत्रावर आणणाऱ्यांनींही हाच संयम ठेवावा. जेथें पडदा ताणला, आवाज गाळला, चित्रें वगळलीं, तेथें तसें उघड सांगावें. बहुरूपीही शेवटीं सोंग उतरवून बिदागी मागतो.

दुसरी जबाबदारी हक्कांची. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणें एखाद्या संस्थेनें पगारी नोकरांकडून करविलेल्या कृतीवर प्रसिद्धीपासून ९५ वर्षें हक्क राहतो. म्हणजे १९९० चा खेळ २०८५ च्या अखेरीपर्यंत बांधलेला. ज्या यंत्रावर तो चालला तें पंधरा-वीस वर्षांत मोडतें, ज्या चकतींत तो ठेवला ती कुजते, आणि हक्क मात्र ठणठणीत राहतो! या विसंगतीमुळें पुष्कळजण सर्रास फुकट नकला घेतात व त्याला 'जतन' हें गोंडस नांव देतात. त्यांचें समर्थन मी करणार नाहीं. पण सन्मार्गही आहे. 'बिनीथ अ स्टील स्काय' हा रिव्होल्यूशन या इंग्लंडांतील संस्थेचा १९९४ चा खेळ. २००३ सालीं त्या संस्थेनें तो सर्वांस मोफत वांटण्याची मुभा दिली, आणि त्यापूर्वीं त्याचा मूळ पाठ स्कमव्हीएमच्या लोकांस अभ्यासासाठीं दिला. ज्याला विकून आतां फारसें मिळणार नाहीं, तें असें मोकळें केल्यानें कृतीला दुसरें आयुष्य लाभलें आणि कर्त्याची कीर्तिही वाढली. माझ्या स्नेह्यांच्या झॉरसवरचा तिसरा खेळ तोच होता.

शेवटचा दोष यंत्राचा नाहीं, आपला आहे. आणि वहिनींच्या प्रश्नाचा रोंख तोच होता. या छंदांत बसविण्याची हौस फार आणि वापरण्याची थोडी. आज एक लिनक्स, उद्यां दुसरी. खेळ सुरू झाला, आरंभींचें संगीत वाजलें, कीं मालक कृतकृत्य होतो आणि यंत्र पुन्हां खणांत जातें. कित्येक घरांत पोथी रेशमी बासनांत बांधून देवघरांत ठेवलेली असते. दसऱ्याला तिच्यावर फूल वाहतात, पण वर्षानुवर्षें तिचें पान कोणी उलटीत नाहीं. अशी पोथी जतन झाली म्हणावें काय? कागद जतन झाला, एवढेंच. ज्या खेळाची अखेर कोणी पाहिली नाहीं, तो खेळ चालविला असें म्हणण्यांत अर्थ नाहीं.

मीं स्नेह्यांस विचारलें होतें, "हा तिसरा खेळ तुम्हीं शेवटपर्यंत खेळलांत काय?" त्यांनीं प्रामाणिकपणें नाहीं म्हणून सांगितलें. गेल्या महिन्यांत पुन्हां गेलों, तेव्हां झॉरस खणांत नव्हता. तो दिवाणखान्यांत त्यांच्या मुलीच्या हातांत होता. खेळाचा नायक कोठल्याशा कारखान्यांत अडकला होता, आणि पुढें काय करावें यावर बापलेकींत वाद चालला होता. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसतें बसवून ठेवलंत, मला सोडवायचं आहे." वहिनींनीं चहा आणून ठेवला आणि या खेपेस कांहींच विचारलें नाहीं.

ज्या वाचकांच्या घरीं असें एखादें यंत्र पडून असेल, त्यांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें: मूळची नक्कल आधीं काढून ठेवा, मग पाठ बदला, त्या यंत्राला पेलेल असा एकच खेळ निवडा, आणि तो पुरा करा.